धागा : पाच जणांचं रक्त एकत्र करून तपासलं तर चालतं का?

द्राक्षबाग_तासगाव

राम राम मंडळी, थोडी माहिती पाहिजे होती. आमच्या तालीम मंडळानं यंदा गणपतीत डॉल्बी रद्द करून काविळीचं तपासणी शिबिर घ्यायचं ठरवलंय, हिपॅटायटिस बी आणि सी दोन्हीचं. गल्लीतले एक काका मागच्या वर्षी लिव्हर खराब होऊन गेले, बी निघाला, आणि किती वर्षं अंगात होता ते कुणालाच माहीत नाही, त्यांना पण नाही. दारूचा थेंब कधी घेतला नव्हता त्या माणसानं, तरी लोक पाठीमागं तेच बोलत राहिले. म्हणून पोरांनी मनावर घेतलंय.

आता अडचण पैशाची. रथोत्सव झाला की दुसऱ्या दिवशी शिबिर, नावं आत्ताच सहाशेच्या वर गेलीत आणि वर्गणीतून तपासणीची कार्डं (रक्त टाकलं की रेघ येते ती) येतायत दीडशे जणांची. ग्रुपवर एकानं टाकलं की कोविडमध्ये लॅबवाले पाच-पाच जणांचं एकत्र करून तपासायचे, तसं केलं तर दीडशे कार्डांत सगळे बसतील. ऐकायला बरोबर वाटतंय. माती परीक्षणाला आपण बागेत आठ-दहा ठिकाणची माती घमेल्यात मिसळून त्यातली अर्धा किलो पाठवतो तसंच की हे. कुणी केलंय का, चालतं का?

मिरजेची_लॅबवाली

कार्डावर अजिबात करू नका दादा. हात जोडून सांगते.

मी डीएमएलटी, म्हणजे लॅब टेक्निशियन, या पट्ट्यातल्या लॅबमध्ये सोळा वर्षं झाली, आणि २०२० मध्ये काही महिने हेच काम केलंय, पाचाचे पूल लावायचं, म्हणजे पाच जणांचे नमुने एकत्र करून एकच टेस्ट करायची. त्यामुळं जरा सविस्तर लिहिते, लांब झालं तर सांभाळून घ्या.

मातीचं उदाहरण चांगलंय पण गफलत पण तिथंच होते. मातीत तुम्हाला सगळ्या बागेची सरासरी पाहिजे असते, एका कोपऱ्यात पालाश कमी निघालं आणि बाकी ठिकाणी जास्त तर मिसळून मधलं येतं आणि खताचा डोस काढायला तेवढं पुरतं. इथं सरासरी काय कामाची? सहाशेत एक जरी असला तरी तो माणूस सापडायला पाहिजे. म्हणजे पाच जणांचं मिसळल्यावर एकाच्या रक्तातला विषाणू पाचपट पातळ झाला, तरीसुद्धा टेस्टनं तो पकडला पाहिजे. हे ज्या टेस्टला जमतं तिथंच पूल करायचा.

आरटीपीसीआरला जमतं कारण ती विषाणूचा जो तुकडा शोधते तो प्रत्येक सायकलला दुप्पट करत नेते. पाचपट पातळ झालं तर साधारण सव्वादोन-अडीच सायकल उशिरा दिसतं एवढंच. सीटी (कितव्या सायकलला दिसलं तो आकडा) २५ ची सँपल पाचाच्या पूलमध्ये २७ च्या थोडं पुढं येते, काही बिघडत नाही. पण ३४ ची असेल तर ३६ च्या पुढं जाणार, आणि कटऑफ ३५ ठेवला असेल तर ती गेली हातातून. म्हणजे पीसीआरमध्ये पण थोडं गमवावं लागतंच, फक्त किती गमावतोय ते आधी माहीत असतं.

कार्डाचं तसं नाही. कार्ड काही वाढवत नाही, आहे तेवढ्यावरच रेघ येते. बी चं प्रमाण कमी असलेल्या माणसाची रेघ एकट्याच्या सीरमवरच (रक्त गोठल्यावर वर राहतं ते पाणी) फिकट येते, उजेडात धरून बघावी लागते, त्यात चार जणांचं पाणी घातल्यासारखं केलं तर रेघ येणारच नाही आणि तुम्ही पाची जणांना ‘काही नाही, जावा घरी’ म्हणून सांगणार. किटच्या कागदावर एका माणसाचं सीरम असंच धरलेलं असतं. आणि कार्ड जर बोटाच्या रक्तावरचं असेल तर पाच जणांचं रक्त मिसळायचा विचार पण नको, गटच जुळत नाहीत, गुठळ्या होतील.

गणिताचे_सर_सातारा

ताईंनी प्रयोगशाळेची बाजू फार नीट सांगितली. मी गणिताची बाजू सांगतो, तीस वर्षं शिकवलं आहे त्यामुळे राहवत नाही.

ही कल्पना कोविडमधली नाही. १९४३ मध्ये रॉबर्ट डॉर्फमन यांनी ती कागदावर मांडली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत सैन्यात भरती होणाऱ्या लाखो तरुणांचं रक्त सिफिलिससाठी तपासायचं होतं आणि एक रोगी सापडायला शेकडो निरोगी नळ्या तपासाव्या लागत होत्या. ते म्हणाले, गट करून तपासा, गट निगेटिव्ह आला तर सगळे सुटले, पॉझिटिव्ह आला तरच एकेकाला तपासा. प्रत्यक्षात तेव्हा ही पद्धत वापरात आली नाही आणि कारण ताईंनी वर सांगितलं तेच, रक्त पातळ झालं की त्या काळातल्या चाचणीला ते सापडेना.

आता हिशेब बघा. १०० माणसं, पाचाचे २० गट. शंभरात १ बाधित असेल तर गट पॉझिटिव्ह यायची शक्यता साधारण ५ टक्के, म्हणजे २० अधिक पुन्हा एकेक करायच्या सरासरी ५, मिळून २५ चाचण्यांत काम होतं. शंभरात २ असतील तर ३०. शंभरात ५ असतील तर ४३. १० असतील तर ६१. २० असतील तर ८७. आणि शंभरात ३० असतील तर १०३, म्हणजे सरळ एकेकाला तपासलं असतं तर स्वस्त पडलं असतं! गट मोठा केला की फायदा वाढेल असं वाटतं पण त्यालाही मर्यादा आहे, १ टक्क्याला सगळ्यात फायद्याचा गट ११ चा निघतो, तिथं १०० माणसं २० चाचण्यांत होतात, त्याहून मोठा केला की उलट वाढायला लागतं.

म्हणून गट करायचा की नाही हे रोग किती पसरलाय त्यावर ठरतं. आयसीएमआरनं १३ एप्रिल २०२० ला सूचना काढली तीही याच धर्तीवर होती. जिथं बाधितांचं प्रमाण २ टक्क्यांच्या खाली तिथं पूल करा, २ ते ५ मध्ये फक्त लक्षणं नसलेल्यांच्या सर्वेक्षणापुरतं करा, ५ च्या वर नको, आणि एका पूलमध्ये ५ पेक्षा जास्त नमुने नकोत. मे २०२० मध्ये वुहानमध्ये तीन आठवड्यांच्या आत जवळजवळ एक कोटी लोक तपासले, काही नमुने एकेकटे आणि काही पाचापर्यंतच्या गटात, आणि एवढ्यातून लक्षणं नसलेले ३०० सापडले. एवढं कमी प्रमाण असतं तिथं या पद्धतीची खरी ताकद दिसते.

कृष्णाकाठ

सगळं वाचलं. गणित बरोबर असेल सर, पण आमच्या घराला या पूलनं काय दिलं ते सांगतो, चार वर्षं कुठं लिहिलं नव्हतं.

वाळवा तालुक्यातलं गाव, नाव नको. २०२० चा जुलै. मार्चमध्ये इस्लामपुरात एकाच घरातले बरेच जण पॉझिटिव्ह निघाले होते तेव्हापासून सगळा तालुका धास्तावलेला, कोण शिंकलं तरी लोक लांब व्हायचे. वडील दुधाच्या टेम्पोवर. गावात कॅम्प लागला, लक्षणं नसलेल्यांचे पण स्वॅब घेतले, वडिलांचा पण घेतला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर यादी आली, पाच नावं, खाली ‘पॉझिटिव्ह’. कुठून आली, कुणी टाकली, आजपर्यंत कळलेलं नाही. रात्रीत घराला पत्रे ठोकले. सकाळी आईनं धार काढून ठेवली, संकलन केंद्रावर आमचं दूध घेतलं नाही, वीस लिटर ओढ्यात ओतलं तिनं. शेजारच्या चुलत्यांनी हाक मारली तर दार लावून घेतलं. टेम्पोचं काम दुसऱ्याला गेलं ते गेलंच.

तिसऱ्या दिवशी फोन आला की पाचातला एकच पॉझिटिव्ह आहे, तो पण दुसऱ्या गल्लीतला, बाकी चौघं निगेटिव्ह. त्याची यादी मात्र कुणी ग्रुपवर टाकली नाही.

वडील आता नाहीत, वयानं गेले, कोविडनं नाही. पण ते शेवटपर्यंत म्हणायचे, मला झालाच नव्हता रे, तरी पण गावाच्या तोंडी मी पहिल्या पाचात. मला एवढंच विचारायचंय की एका माणसासाठी चार जणांना दोषी धरणारी ही पद्धत चांगली कशी?

मिरजेची_लॅबवाली

कृष्णाकाठ दादा, तुमचं वाचून दोन दिवस काही लिहायला झालं नाही. तुमच्या घराचं झालं ते चूकच झालं.

पूल पॉझिटिव्ह आला म्हणजे कुठलाच माणूस पॉझिटिव्ह आलेला नसतो. पूल पॉझिटिव्ह हा रिपोर्टच नाही. ती लॅबच्या आतली खूण आहे की या पाच नळ्या परत काढा. आम्ही पूल करायचो तेव्हा प्रत्येकाच्या व्हीटीएमच्या (स्वॅब ठेवतात त्या द्रवाच्या) नळीतलं थोडंसंच पिपेटनं काढून एकत्र करायचो, मूळ पाची नळ्या नंबर लावून फ्रिजमध्ये ४ डिग्रीला तशाच ठेवायचो. पूल लागला, म्हणजे पॉझिटिव्ह आला, की त्याच नळ्यांतून दुसरा रन, माणसाला परत बोलवायचं नाही, नाकात परत काडी घालायची नाही, आणि तोवर त्या पाच नंबरांपुढं ‘तपासणी चालू’ एवढंच. त्या आधी जर नावं बाहेर गेली तर ती कुणीतरी पद्धत मोडून बाहेर काढली. तुमच्या वेळी ती कुठल्या टेबलावरून निघाली ते मला सांगता यायचं नाही, पण निघायला नको होती.

आणखी एक सांगते, जे आम्ही लॅबवाले सहसा बोलत नाही. माझ्या हातून असं तीन-चार वेळा झालंय की पूल पॉझिटिव्ह आला आणि उघडून बघितलं तर पाचच्या पाच निगेटिव्ह. कधी पिपेट मारताना प्लेटमधल्या शेजारच्या खळग्यातून थेंब गेला असेल, कधी एकाचं प्रमाण इतकं काठावर असेल की एकदा आलं आणि एकदा नाही. अशा वेळी परत नवीन सँपल मागवायची असते. म्हणजे तुमच्या गावात कदाचित पाचाच्या पाची निर्दोष असताना यादी लागली असती. रात्री दोनला पीपीई किटमध्ये घामानं भिजून आम्ही ते पूल उघडत बसायचो ते त्या चार माणसांसाठीच. ती दुसरी फेरी व्हायच्या आधीच यादी लागणार असेल तर पहिली फेरी न केलेली बरी, हे मी लॅबवाली असून म्हणते.

ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये केसेस वाढल्या तेव्हा आमच्याकडं पूल बंदच केले. प्रत्येक दुसरा पूल लागायला लागला, उघडण्यात दुप्पट वेळ जाऊ लागला. सरांचं गणित आम्ही असं हातानं शिकलो.

जतची_आशा

मी आशा सेविका आहे, जत पूर्व भाग. आमच्याकडं वाडीवस्ती लांब लांब, एका वस्तीवरून दुसरीवर जायला तीन-चार किलोमीटर चालायचं, निम्मी माणसं कन्नड बोलतात. मला लॅबमधलं काही कळत नाही पण एक विचारते. पाच जण कुठले घ्यायचे? आम्ही ज्या क्रमानं घरं केली त्या क्रमानं नळ्या जायच्या म्हणजे बहुतेक एका घरातलेच एका पूलमध्ये यायचे. ते बरोबर होतं का चुकीचं?

दादांचं वाचून वाईट वाटलं. आमच्याकडं पण लोक म्हणायचे आशाबाईला काडी दिली की घराला पत्रे लागतात. नंतर लसीला पण घाबरायची माणसं.

गणिताचे_सर_सातारा

ताई, तुम्ही नकळत योग्य केलंत. माझा वरचा हिशेब बाधित माणसं कुठेही विखुरलेली आहेत असं धरून केलेला आहे. खऱ्या आयुष्यात रोग घरात शिरला की घरातल्या दोघा-तिघांना होतो. एका घरातले एका गटात ठेवले तर ते दोघं-तिघं एकाच गटात येतात आणि बाकीचे गट स्वच्छ निघतात, म्हणजे उघडायचे गट कमी होतात. शिवाय एकाच गटात दोन बाधित असतील तर विषाणूही जास्त, तो सुटायची शक्यता कमी. आणि कृष्णाकाठ यांच्या दृष्टीनं बघितलं तर एका घरचा प्रश्न त्या घरातच राहतो, दुसऱ्या गल्लीतल्या माणसामुळे यांच्या वडिलांवर बालंट आलं नसतं.

दुसऱ्या फेरीसाठी थांबावं लागू नये यासाठीही लोकांनी डोकं लावलेलं आहे. आयआयटी मुंबईच्या गटानं २०२० मध्ये ‘टेपेस्ट्री’ नावाची पद्धत काढली, त्यात प्रत्येक नमुना वेगवेगळ्या दोन-तीन गटांत घालतात आणि कुठले गट लागले यावरून माणूस कोण हे एकाच फेरीत संगणकानं काढतात. शब्दकोड्यात आडव्या आणि उभ्या शब्दांवरून मधलं अक्षर पक्कं होतं तसं.

कोंबडीवाला_विटा

मध्येच घुसतो. आमच्यात हे नेहमीचं आहे. बर्ड फ्लूच्या सर्व्हेला डॉक्टर येतात तेव्हा पाच कोंबड्यांचे स्वॅब एकाच नळीत जातात, आणि पुढं शंका आली की सँपल भोपाळच्या लॅबला. २००६ ला नवापूरला पहिल्यांदा झाला तेव्हा माझे वडील धंद्यात होते, त्यांनी शेड रिकामं होणं म्हणजे काय ते तेव्हा बघितलं. पण आमच्यात पूल लागला की उघडून बघायची गरजच नसते, पाचातली कुठली कोंबडी हा प्रश्नच नाही, एक लागली तरी शेडच जातं. म्हणून पक्ष्यांत पूल सोपा आहे आणि माणसांत अवघड. कृष्णाकाठ दादांच्या गावानं माणसांना आमच्या शेडसारखं वागवलं, पाचातला एक म्हणजे सगळे. माझ्या डोक्यात वाचताना तेच आलं.

कराडचा_फिजिशियन

मूळ प्रश्नाकडे येतो कारण गणपती लांब नाही.

एक, पूल पीसीआरवर होतो हे झालंच. रक्तपेढ्यांत हे पूर्वीपासून आहे, पीसीआरच्याच जातीची नॅट नावाची चाचणी, अमेरिकेत १९९९ पासून रक्तदात्यांचे १६ ते २४ नमुने एकत्र करून एचआयव्ही आणि हिपॅटायटिस सी बघायला सुरुवात झाली. कारण संसर्ग अगदी ताजा असताना एलायझाला (लॅबमधली नेहमीची रक्ततपासणी) सापडत नाही आणि नॅटला काही दिवस आधी सापडतो. पण त्याला मशीन लागतं, मंडपात होणारं काम नाही ते.

दोन, तुमच्या यादीतल्या काही लोकांना पूलमध्ये घालायचंच नसतं, पीसीआर असला तरी. ज्यांच्या घरात रुग्ण आहे, डायलिसिसवाले, पूर्वी बरंच रक्त चढवलेले, गरोदर बायका, दवाखान्यात काम करणारे. यांच्यात सापडायची शक्यता जास्त किंवा चुकलं तर नुकसान जास्त. यांना एकेकटंच तपासायचं. त्या काकांच्या घरच्यांना पहिल्यांदा, आजच. गणपतीची वाट बघू नका.

तीन, पैशाचा प्रश्न तुम्ही उगाच अंगावर घेतलाय. २०१८ पासून राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम आहे, त्यात बी आणि सी ची तपासणी आणि औषधं सरकारी रुग्णालयात मोफत आहेत. मंडळाच्या लेटरहेडवर अर्ज घेऊन सांगलीच्या सिव्हिलला जा, शिबिराला टीम किंवा किट मिळतात का विचारा. नाहीच जमलं तर दीडशे कार्डं आहेत ना, ती वर सांगितलेल्या लोकांना आणि त्यांच्या घरच्यांना वापरा, सहाशेत वाटून सगळं पातळ करू नका. बाकीच्यांना तारखा ठरवून सिव्हिलला न्या.

चार, कार्ड पॉझिटिव्ह म्हणजे शेवट नाही. बी असेल तर एलायझा आणि मग विषाणूचा डीएनए. सी चं कार्ड अँटीबॉडी बघतं, रोग शरीरातून आपोआप निघून गेलेल्या माणसाचंही ते येतं, विषाणूचा आरएनए तपासूनच ठरतं, आणि आत्ता असला तरी सी तीन महिन्यांच्या गोळ्यांनी बरा होतो. आणि जे बी निगेटिव्ह येतील त्यांना लस घ्यायला सांगा, शून्य, एक आणि सहा महिने असे तीन डोस. निम्मी माणसं निगेटिव्ह आलो म्हणून खूश होऊन लस न घेताच जातात, मला त्याचंच जास्त वाईट वाटतं.

द्राक्षबाग_तासगाव

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. आज मीटिंग झाली. पाच-पाचाचं रद्द. काकांच्या घरचे पाच जण उद्या सकाळी सिव्हिलला चाललेत, मी गाडी घेऊन जातोय, अर्ज पण सोबत नेतोय. दीडशे कार्डं डॉक्टरांनी सांगितलं तशा क्रमानं. पोरांपैकी दोघं म्हणत होते की निकाल लगेच माईकवर सांगू म्हणजे लोकांना उत्साह येईल, तर मी त्यांना कृष्णाकाठ दादांची पोस्ट वाचून दाखवली. कुणी काही बोललं नाही, विषय तिथंच संपला.

कृष्णाकाठ

वाचून दाखवली ते बरं केलंस. माईकवर नको आणि ग्रुपवर पण नको. निगेटिव्ह लोकांची यादी पण टाकू नका, त्यात ज्याचं नाव नसेल तो कोण ते गावाला पाच मिनिटांत कळतं. मला वेळ आहे त्या दिवशी, तासगाव आमच्यापासून लांब नाही. टेबलावर बसायला माणूस लागला तर मी येतो.

मिरजेची_लॅबवाली

या दादा. मी पण सुट्टी टाकलीय, सकाळी साडेआठला मंडपात असेन. द्राक्षबाग, दोन वह्या आणून ठेवा. एकीत नाव आणि नंबर, ती कृष्णाकाठ दादांकडं. दुसरीत फक्त नंबर आणि रेघ आली का नाही, ती माझ्याकडं. निकाल ज्याचा त्याला पडद्याआड मी सांगेन, सोबत डॉक्टर कुणी असतील तर उत्तम. कार्ड वाचायला पंधरा-वीस मिनिटं लागतात, किटवर लिहिलेल्या वेळेनंतर आलेली रेघ धरायची नाही, म्हणून भिंतीवरचं मोठं घड्याळ पण आणा. आणि वापरलेल्या सुयांना जाड डबा लागेल, तो मी आमच्याकडून आणते. दोन्ही वह्या एका पिशवीत ठेवायच्या नाहीत, घरी नेताना पण नाही.